हवामान नकाशासाठी स्वतःची सीमारेखा फाइल कशी बनवायची

मॉडेलचा डेटा उघडला, पावसाचे रंग पडद्यावर उमटले, आणि मग लक्षात येतं की हा पाऊस नेमका कुठे पडतोय हेच कळत नाहीये. सॉफ्टवेअरसोबत आलेल्या नकाशात किनारपट्टी असते, देशांच्या सीमा असतात, फार तर राज्यं. तुम्हाला हवं असतं एखाद्या नदीचं खोरं, धरणाचं पाणलोट क्षेत्र, नाहीतर ज्या विभागांसाठी अंदाज द्यायचा ते विभाग. ते आयतं मिळत नाही. फाइल स्वतः बनवावी लागते आणि पहिल्या वेळेस एक दुपार जाते. दुसऱ्या वेळेस अर्धा तास पुरतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सीमारेखेची फाइल म्हणजे चित्र नव्हे, बिंदूंची यादी आहे. सॉफ्टवेअर पहिल्या बिंदूवर पेन टेकवतं, दुसऱ्यापर्यंत ओढतं, मग तिसऱ्यापर्यंत, असं करत पुढे जातं. रेषा संपली की ‘आता पेन उचल’ असं सांगणारी खूण लागते. पूर्वी खरोखरच पेन धरून कागदावर नकाशे काढणारे प्लॉटर असत आणि त्यांना ‘पेन वर’, ‘पेन खाली’ अशाच आज्ञा द्याव्या लागत. ती यंत्रं आता दिसत नाहीत, पण पद्धत तशीच राहिली आहे. नकाशात नको त्या रेघांची जी काही भुतं दिसतात, त्यातली बरीचशी पेन वेळेवर न उचलल्यामुळे निघतात.

सर्वात साधी फाइल अशी दिसते:

>
१०.२० ४५.१०
१०.३५ ४५.१८
१०.५० ४५.०५
१०.२० ४५.१०
>
१०.८० ४४.९०
११.०५ ४४.९६
११.३१ ४४.९३

प्रत्येक ओळीत आधी रेखांश, मग अक्षांश. ‘>’ ही पेन उचलण्याची खूण. पहिला तुकडा बंद आहे, म्हणजे शेवटचा बिंदू पहिल्यासारखाच. खोरं, जिल्हा, बेट यांना हे लागतं. विसरलात तर शेवटच्या आणि पहिल्या बिंदूंमध्ये फट राहते. दुसरा तुकडा उघडा आहे, नदीसारखा. जीएमटी या नकाशे काढणाऱ्या प्रणालीचा हाच साचा आहे आणि इतर अनेक प्रोग्रॅम थोड्याफार फरकाने असलंच काहीतरी मागतात.

इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, पण फाइलीत ते इंग्रजीच टाका. मराठी कीबोर्ड चालू ठेवून दोन-चार बिंदू हाताने दुरुस्त केले तर डोळ्यांना सगळं ठीक दिसतं आणि प्रोग्रॅम मात्र त्या ओळीवर अडतो. मी एकदा यात बराच वेळ घालवला आहे, कारण ३ हा आकडा दोन्ही लिप्यांत सारखाच वाटतो.

तुमचं सॉफ्टवेअर काय खातं?

काम सुरू करण्याआधी हे बघा, नाहीतर छान फाइल बनवून ती उघडतच नाही अशी वेळ येते. ढोबळ तीन प्रकार आहेत. काही प्रोग्रॅम शेपफाइल थेट वाचतात. ग्रॅड्स या हवामानाचा डेटा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या २.० आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘ड्रॉ एसएचपी’ ही आज्ञा आहे. पायथन भाषेत कार्टोपाय ही नकाशांची लायब्ररी हेच काम करते. काहींना वर दाखवली तशी मजकूर फाइल लागते. आणि काहींचा स्वतःचा बायनरी साचा असतो, जसा ग्रॅड्सच्या जुन्या नकाशा फाइलींचा, ज्या ‘सेट एमपीडीसेट’ने निवडतात. माझं मत स्पष्ट आहे: शेपफाइल किंवा मजकूर चालत असेल तर बायनरीच्या वाटेला जाऊ नका. त्यात चूक झाली तर ती उघडून बघताही येत नाही.

शेपफाइल एस्री या कंपनीने आणलेला साचा आहे आणि नाव एकवचनी असलं तरी ती एक फाइल नसते. एसएचपीत आकार असतात, एसएचएक्समध्ये त्यांची अनुक्रमणिका, डीबीएफमध्ये नावं आणि इतर माहिती. या तिन्ही हव्यातच. पीआरजे ही चौथी फाइल कोणती निर्देशांक पद्धत वापरली आहे ते सांगते. ती नसली तरी आकार उघडतात, पण आकडे अंश आहेत की मीटर हे तुम्हालाच ओळखावं लागतं. कोणाला शेपफाइल पाठवताना फक्त एसएचपी पाठवणारे लोक प्रत्येक कार्यालयात असतात. तुम्ही त्यातले होऊ नका. आणखी एक: डीबीएफमध्ये स्तंभाचं नाव १० बाइटपुरतंच मावतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे तीन चिन्हांत जागा संपते. स्तंभांची नावं रोमन लिपीत ठेवा, आतली विभागांची नावं मराठीत असायला हरकत नाही.

क्रमाचं भानगडप्रकरणही इथेच मिटवा. शेपफाइल, जिओजेसन (आकार साठवायचा आणखी एक मजकूर साचा), जीएमटी या सगळ्यांत रेखांश आधी येतो. पण रडारच्या चित्रांवर आपल्या रेषा टाकायला ज्या ‘प्लेसफाइल’ वापरतात त्यांत अक्षांश आधी असतो. आपण बोलताना ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो, त्यामुळे हात आपोआप तसाच चालतो. क्रम उलटला की आकार आरशात तिरका दिसावा तसा होतो आणि भलत्याच खंडात किंवा समुद्रात जाऊन बसतो. ‘अक्षांश ९० च्या वर आहे’ अशी तक्रार आली तर दुसरीकडे शोधूच नका.

रेषा कुठून आणायच्या

देश, राज्यं, किनारे यांसाठी नॅचरल अर्थ हा संच बहुतेकांना पुरतो. तो १:१ कोटी, १:५ कोटी आणि १:११ कोटी अशा तीन प्रमाणांत मिळतो आणि सार्वजनिक मालकीचा आहे. फक्त किनारे हवे असतील तर जीएसएचएचजी. त्यात पाच पातळ्यांची बारकाई आहे. नद्यांच्या खोऱ्यांसाठी हायड्रोबेसिन्स बघा. त्यात खोरी एकात एक अशा १२ पातळ्यांत विभागली आहेत, त्यामुळे आख्ख्या नदीपासून छोट्या उपनदीपर्यंत हवं ते उचलता येतं. अंदाजाचे विभाग किंवा प्रशासकीय हद्दी मात्र त्या त्या देशाच्या अधिकृत खात्याकडूनच घ्या. वादग्रस्त सीमा प्रत्येक स्रोत वेगळ्या दाखवतो, आणि काही देशांत अधिकृत सीमा न दाखवणं हा कायद्याचा प्रश्न होतो. नकाशा छापायचा असेल तर हे आधी तपासा.

तुमच्याकडे फक्त कागदी नकाशा किंवा निर्देशांकांची टाइप केलेली यादी असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. स्कॅन केलेल्या नकाशाचे चार-सहा ओळखीचे बिंदू जागेवर बसवा, वर नवा रेषा-थर उघडा, पद्धत ईपीएसजी ४३२६ निवडा (म्हणजे अंशांतले साधे रेखांश-अक्षांश), आणि माउसने रेषा गिरवा. कंटाळवाणं आहे, पण लहान क्षेत्राला चालतं.

यादी अंश-मिनिटांत असेल तर सावध. ४५ अंश ३० मिनिटं म्हणजे ४५.३० नव्हे, ४५.५०. मिनिटांना ६० ने भागायचं, सेकंदांना ३६०० ने, आणि दोन्ही अंशात मिळवायचं. ही चूक वाईट आहे, कारण ती ओरडत नाही. आकार जवळपास बरोबर दिसतो, जवळपास बरोबर जागी बसतो, फक्त वीसेक किलोमीटर सरकलेला असतो. एका ओळखीच्या गृहस्थांचा अख्खा मोसम अशा सरकलेल्या पाणलोट क्षेत्रावर पावसाची सरासरी काढण्यात गेला होता.

आणलेल्या फाइलीतले आकडे अंशांतच आहेत ना, हेही एकदा बघून घ्या. पहिला बिंदू ३१२४५५, ४९८७६२० असा काही असेल तर ते मीटर आहेत. क्यूजीआयएसमध्ये ‘रीप्रोजेक्ट लेयर’ वापरून ४३२६ मध्ये आणा. पीआरजे फाइल हरवली असेल तर मूळ पद्धत कोणती ते देणाऱ्याला विचारा, अंदाजाने निवडू नका. जुन्या कागदी नकाशांचा भूमानक (पृथ्वीचा आकार कसा धरला आहे ते) वेगळा असेल तर काहीशे मीटरचा फरक पडू शकतो. खंडभर पसरलेल्या नकाशावर तो दिसणारच नाही, रडारच्या जवळच्या चित्रावर दिसेल. त्यानुसार डोकं शिणवायचं की नाही ते ठरवा.

किती बिंदू ठेवायचे

नवखा माणूस सर्वात बारीक फाइल उतरवतो, कारण बारीक म्हणजे चांगली असं वाटतं. मग एकेक नकाशा निघायला वेळ लागतो आणि खाड्या, बेटं, खाजणं यांच्या जागी किनाऱ्यावर शाईचा डाग दिसतो.

हिशोब सोपा आहे. समजा तुमचं चित्र १२०० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात १२ अंश रेखांश मावतात. मग एक पिक्सेल म्हणजे ०.०१ अंश. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, म्हणजे पिक्सेलमागे सुमारे १.१ किलोमीटर. त्याहून बारीक वळण पडद्यावर दिसूच शकत नाही. रेषा सोपी करताना सहनमर्यादा (रेषा मूळ जागेपासून किती सरकली तर चालेल ते) अर्ध्या पिक्सेलची, इथे ०.००५ अंश, ठेवली की डोळ्याला काही फरक कळत नाही आणि बिंदू पुष्कळ गळतात. याच न्यायाने दशांशानंतर ४ स्थळं भरपूर झाली. चौथं स्थळ म्हणजे ११ मीटर. १२ स्थळं लिहिलेल्या फाइली बघितल्या की मला हसू येतं, सीमेवरच्या दगडाची कोणती बाजू ते सांगतायत जणू.

सोपं करण्याच्या दोन पद्धती सर्रास चालतात. डग्लस-प्यूकर (१९७३) टोकाचे बिंदू जपते, त्यामुळे मर्यादा जास्त ठेवली की किनारा काटेरी दिसू लागतो. व्हिस्वलिंगम-व्हायट (१९९३) ज्या बिंदूमुळे सर्वात लहान त्रिकोण बनतो तो आधी काढते. रेषा मऊ राहते. किनारे आणि नद्यांना मी दुसरीच वापरतो.

पण खरी गोम वेगळीच आहे. शेजारच्या दोन जिल्ह्यांची सामाईक हद्द फाइलीत दोनदा असते, एकदा याची म्हणून, एकदा त्याची म्हणून. क्यूजीआयएसचं साधं ‘सिम्प्लिफाय’ प्रत्येक जिल्हा स्वतंत्रपणे छाटतं. दोघांच्या छाटणीत फरक पडला की मध्ये फटी आणि एकमेकांवर चढलेले भाग तयार होतात. यासाठी मॅपशेपर वापरा. तो ब्राउझरमध्ये चालतो आणि सामाईक हद्द एकच मानून एकदाच छाटतो. फाइल आत टाका, ‘प्रिव्हेंट शेप रिमूव्हल’वर खूण करा, नाहीतर लहान बेटं गायब होतील, आणि पट्टी सरकवत बघा. बघताना नकाशा तुमच्या अंतिम चित्राएवढाच मोठा ठेवा. खोलवर झूम करून बघितलंत तर बिंदू काढायला मन धजणार नाही.

दोनदा असलेल्या हद्दीचा दुसरा त्रास तुटक रेषेत दिसतो. जिल्ह्यांच्या सीमा तुटक काढायला सांगितल्या, आणि नकाशावर काही ठिकाणी तुटक, काही ठिकाणी अखंड, काही ठिकाणी ठिपक्यांची खिचडी. कारण दुसऱ्या वेळी पेन वेगळ्या जागेपासून सुरू झालं आणि पहिल्या वेळच्या रिकाम्या जागा भरून टाकल्या. मॅपशेपरच्या कन्सोलमध्ये ‘लाइन्स’ ही आज्ञा दिली की क्षेत्रांच्या रेषा होतात आणि प्रत्येक हद्द एकदाच उरते. ज्यांना हे माहीत नसतं ते तुटक रेषेचं माप बदलत बसतात.

सरळ सीमा सरळ का दिसत नाही

अमेरिका आणि कॅनडा यांची सीमा ४९ अंश उत्तर अक्षांशावरून लांबवर जाते. सगळे बिंदू एका ओळीत असल्याने सोपं करणारा प्रोग्रॅम मधले सगळे उडवतो आणि दोन टोकं ठेवतो. साध्या चौकोनी नकाशावर काही बिघडत नाही. पण जीएमटी दोन बिंदू मुळात बृहद्वृत्ताने जोडतं, म्हणजे गोलावरच्या सर्वात जवळच्या वाटेने. २८ अंश रेखांशांच्या अंतरावर ती वाट मध्यभागी ४९.८५ अंशांपर्यंत वर चढते. सुमारे ९५ किलोमीटर! लॅम्बर्ट किंवा ध्रुवीय प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या या पद्धती) काही प्रोग्रॅम दोन टोकांमध्ये कागदावर सरळ रेघ मारतात, तेही चूकच.

उपाय म्हणजे छाटणी झाल्यावर लांब सरळ तुकड्यांत पुन्हा बिंदू घालायचे. क्यूजीआयएसमध्ये ‘डेन्सिफाय बाय इंटरव्हल’ आहे. अर्धा किंवा एक अंश अंतर पुरे. आधी काढायचे आणि मग घालायचे हे विचित्र वाटतं, पण काढलेले बिंदू निरुपयोगी होते आणि घातलेले कामाचे आहेत. नदीचं खोरं किंवा वळणावळणाच्या सीमा असतील तर ही पायरी सोडून द्या.

१८० आणि ३६० चं भांडण

तुमच्या सीमा बहुधा उणे १८० ते अधिक १८० या रेखांशांत असतील. जीएफएससारख्या मॉडेलचा जागतिक डेटा मात्र ० ते ३६० मध्ये येतो. अनेक प्रोग्रॅम हे आपणहून जुळवतात, काही जुळवत नाहीत. पाऊस दिसतो आणि पश्चिम गोलार्धातल्या सीमा दिसत नाहीत, तर उणे रेखांशांत ३६० मिळवा.

मिळवल्यावर एक नवी अडचण उभी राहते. शून्य रेखांश ओलांडणाऱ्या सीमा आता ०.२ वरून ३५९.९ वर उडी मारतात आणि अख्ख्या नकाशावर एक आडवी रेघ उमटते. उणे-अधिक पद्धतीत हेच १८० रेखांशावर होतं, फिजीजवळ आणि रशियाच्या पूर्व टोकाशी. दोन्हीकडे उपाय एकच: जिथे उडी आहे तिथे रेषा कापा आणि मध्ये पेन उचला. लागोपाठच्या दोन बिंदूंच्या रेखांशांत १८० हून जास्त फरक दिसला की तिथे ‘>’ घाला, एवढा नियम काम भागवतो. काठावर बारीक फट राहील, ती कोणाच्या लक्षात येत नाही.

फाइल बाहेर काढणे आणि पहिली चाचणी

शेपफाइल हवी असेल तर मॅपशेपरच देतो. मजकूर फाइल हवी असेल तर तिथून जिओजेसन काढा, ती क्यूजीआयएसमध्ये उघडा आणि ‘सेव्ह फीचर्स अ‍ॅज’मध्ये जीएमटीचा मजकूर साचा निवडा. त्यात ‘>’ आपोआप येतात. सोबत ‘#’ने सुरू होणाऱ्या माहितीच्या ओळीही येतात, तुमच्या प्रोग्रॅमला त्या रुचत नसतील तर मजकूर संपादकात काढून टाका. ‘>’ऐवजी रिकामी ओळ किंवा ९९९९ सारखा आकडा लागत असेल तर शोधा-बदला करा.

स्प्रेडशीटमध्ये मात्र ही फाइल उघडून जतन करू नका. काही संगणकांवर दशांश चिन्हाचा स्वल्पविराम होतो, शेवटची शून्यं गळतात, कधी ‘>’च्या ओळीला अवतरण चिन्हं लागतात. साधा मजकूर संपादक बरा. जतन करताना ‘यूटीएफ-८, बीओएमशिवाय’ निवडा. बीओएम म्हणजे फाइलीच्या सुरुवातीचे अदृश्य बाइट, आणि त्यांच्यामुळे पहिलीच ओळ वाचली जात नाही.

आता चाचणी. लगेच पावसावर टाकू नका. कोरा नकाशा, सॉफ्टवेअरची स्वतःची किनारपट्टी काळ्या रंगात, तुमची फाइल लालमध्ये. तुमच्या क्षेत्रात किनारा नसेल तर एखादी देशाची सीमा किंवा मोठा तलाव ताडून बघा. दोन रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. ग्रॅड्समध्ये ‘ड्रॉ एसएचपी’ देण्याआधी काहीतरी ‘डिस्प्ले’ केलेलं असावं, कारण तोपर्यंत नकाशाची मोजमापंच ठरलेली नसतात. कार्टोपायमध्ये रेषा ‘प्लॉट’ने काढत असाल तर ट्रान्सफॉर्म प्लेट कॅरे (म्हणजे ‘हे आकडे अंश आहेत’) सांगायला विसरू नका, मीटरांतल्या प्रक्षेपणात विसरलात तर अंशांचे आकडे मीटर समजले जातात आणि तुमचं अख्खं खोरं एका ठिपक्यात मावतं. फाइल वाचलीच गेली नाही असं वाटतं, खरं तर ती त्या ठिपक्यात असते.

रेषा वेड्यावाकड्या दिसल्या तर चित्रच रोग सांगतं. एका बेटापासून दुसऱ्या बेटापर्यंत सरळ रेघा गेल्या म्हणजे पेन उचलल्याची खूण वाचली गेली नाही. सगळीकडून आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रातल्या एकाच जागी रेघा धावतायत म्हणजे रिकाम्या ओळी शून्य रेखांश, शून्य अक्षांश म्हणून वाचल्या जातायत. काहीच दिसत नाही तर आधी क्रम, मग ३६०, मग मीटर, या ओळीने बघा.

जागा बरोबर बसली की रंग आणि जाडी. किनारा, देश, खोरं यांच्या फाइली वेगळ्या ठेवल्यात तर प्रत्येकाला वेगळी जाडी देता येते. सगळं एकात कोंबलं की पुन्हा सोडवायला जीव जातो. समभार रेषा काळ्या असतील तर सीमा राखाडी आणि बारीक हव्यात, नाहीतर वाचणारा जिल्ह्याच्या हद्दीला समभार रेषा समजतो. उपग्रहाच्या अवरक्त चित्रावर पांढरी रेषा ढगांत हरवते, तिथे पिवळी चालते. रंगांचा थर आधी, सीमा त्यानंतर, समभार रेषा आणि आकडे सर्वात वर.

मूळ न छाटलेली फाइल जपून ठेवा. उद्या कोणीतरी त्याच खोऱ्याचा दुप्पट मोठा नकाशा मागेल तेव्हा छाटलेल्या रेषा कोनाकोनांच्या दिसतील आणि गेलेले बिंदू परत येत नाहीत. छाटलेल्या फाइलीच्या नावातच सहनमर्यादा लिहा, शेजारी एका छोट्या मजकूर फाइलीत रेषा कुठून घेतल्या, कोणत्या तारखेला घेतल्या आणि रेखांश १८० पद्धतीचे की ३६० पद्धतीचे ते टाकून ठेवा.